पावती नसलेला खर्च

“पावत्या आहेत का, आक्का?”

वकील मॅडमनी विचारलं तेव्हा मी पिशवीतून वही काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. २०० पानी, लाल कापडी पाठीची, महाद्वार रोडवरच्या दुकानातून घेतलेली. सहकारी बँकेत ३१ वर्षं जमा-नावे लिहिण्यात गेलेल्या बाईची वही. प्रत्येक ओळीला तारीख, तपशील, रक्कम. रिक्षाचे ४० रुपयेसुद्धा त्यात होते. मॅडमनी चार-पाच पानं सावकाश वाचली आणि म्हणाल्या, “वही चोख आहे. पण कोर्टात वही म्हणजे पावती नव्हे. ह्यातल्या किती खर्चाला कागद आहे?”

मी घरी येऊन मोजायला बसले. अपिलाची नोटीस आल्यापासून १ लाख ३४ हजार रुपये गेले होते. त्यातल्या ४१ हजारांना कागद होता. उरलेला पैसा आमच्याच घरातून गेला होता, कुठे आणि कधी गेला ते मला तोंडपाठ होतं, पण माझ्या अक्षराशिवाय त्याला साक्षीदार नव्हता.

हे २०१९ सालचं. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने घटस्फोट मागितला होता. कारण क्रूरतेचं, आणि क्रूर कोण, तर ही. कोल्हापूरच्या कौटुंबिक न्यायालयात चार वर्षं तो अर्ज चालला आणि २०१८ च्या जूनमध्ये फेटाळला गेला. तिची आणि मुलाची पोटगीही मंजूर झाली. आईने अंबाबाईची ओटी भरली, गल्लीत पेढे वाटले. मी निकालाची नक्कल आणली आणि बँकेतल्या सवयीने आधी शेवटचं पान उघडलं. शेवटची ओळ होती, ‘उभय पक्षांनी आपापला खर्च सोसावा.’

त्या दिवशी ती ओळ मला फारशी टोचली नाही. जिंकलो होतो ना. टोचली ती महिन्याभराने, आईचा साज सोनेतारणात ठेवून काढलेल्या कर्जाचा हप्ता भरताना. आईचा कोल्हापुरी साज, तिच्या लग्नातला, गुजरीत घडवलेला. १ लाख २० हजार त्याच्यावर उचलले होते. ज्या माणसाने खोटे आरोप करून चार वर्षं आम्हाला कोर्टात उभं केलं, त्याचे आरोप खोटे ठरले, आणि तरी साज मात्र आमचाच अडकलेला.

मी मॅडमकडे गेले. म्हटलं, निकाल मान्य आहे, पण त्या एका ओळीविरुद्ध वर जायचंय. त्यांनी हिंदू विवाह कायद्याचं पुस्तक काढून कलम २८ दाखवलं. अपील कशाकशाविरुद्ध करता येतं ते सांगणारं ते कलम. त्याच्या तिसऱ्या पोटकलमात एकच वाक्य आहे, केवळ खर्चाच्या विषयावर अपील करता येणार नाही. मी ते वाक्य तीनदा वाचलं. घटस्फोटाविरुद्ध वर जाता येतं, कायम पोटगीच्या रकमेविरुद्ध जाता येतं. फक्त खर्चासाठी नाही.

त्यामागे विचार आहे हे मला पुढे पटलं. नाहीतर प्रत्येक मोडलेल्या संसाराचं शेपूट पैशाच्या भांडणात वर्षानुवर्षं वळवळत राहिलं असतं. पण त्याचा एक परिणाम असा होतो, की ती ओळ लिहिताना कुणाला फार विचार करावा लागत नाही. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा, हा दिवाणी कायद्याचा मूळ रिवाज. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३५ तर सांगतं, की कोर्टाला तसं करायचं नसेल तर कारणं लेखी द्यावीत. नवरा-बायकोच्या प्रकरणांत मात्र ‘आपापला खर्च सोसावा’ हाच रिवाज होऊन बसलाय. न्यायाधीशांच्या मनात बहुतेक असं असावं, की ही माणसं उद्या मुलाच्या मुंजीला, लग्नाला एका मांडवात बसणार आहेत, जखमेवर मीठ कशाला चोळा. हा विचार दयेचा आहे. पण ओळ दोघांना सारखी दिसत असली तरी दोघांवर सारखी पडत नाही. त्याला तो खर्च म्हणजे दोन पगार. हिला म्हणजे आईचा साज.

हुकूमनाम्याच्या खाली खर्चाचा एक तक्ता असतो. संहितेच्या जोडपत्रात त्याचा नमुनाच छापलेला आहे. अर्जाचा स्टॅम्प, वकीलपत्राचा स्टॅम्प, दस्तऐवजांचा स्टॅम्प, वकिलाची फी, साक्षीदारांचा भत्ता, समन्स बजावणीचा खर्च. अपिलाचा तक्ता तर त्याहून आखूड. मी माझी वही आणि तो तक्ता शेजारी-शेजारी ठेवून पाहिला. बहीण ब्लाउज शिवते. तारखेच्या दिवशी मशीन बंद, म्हणजे चारशे-पाचशे बुडाले. मुलाला शाळेतून आणायला कुणी नाही म्हणून शेजारच्या मावशींना हाताखर्चाला दिलेले. साक्षीला आलेल्या मामांचं जेवण. टायपिंग, झेरॉक्स, नोटरी. त्या तक्त्यात ह्यातलं काहीच बसत नव्हतं.

आणि मग त्यानेच अपील केलं.

निकालाविरुद्ध जायला ९० दिवस असतात. हे ९० दिवससुद्धा वादाचे होते. कौटुंबिक न्यायालय कायद्यात ३० दिवस लिहिलेत, विवाह कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने ९० झाले, आणि ह्यातलं कुठलं धरायचं ते मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ साली ठरवलं, ९०. त्याने शेवटच्या आठवड्यात अपील दाखल केलं. कौटुंबिक न्यायालयावरचं अपील थेट उच्च न्यायालयात जातं आणि दोन न्यायमूर्तींपुढे चालतं. म्हणजे तेव्हा मुंबई. इथून सुमारे ३७५ किलोमीटर.

महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री कोल्हापुरातून सुटते आणि सकाळी सीएसएमटीला पोचते. स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुवायचं, साडी बदलायची, बाहेर चहा घ्यायचा आणि फोर्टातून चालत कोर्टात जायचं. धाकटी पहिल्या वेळी चालता-चालता थांबली आणि त्या दगडी इमारतीकडे बघत म्हणाली, “एवढ्या मोठ्या घरात आमचं भांडण कोण ऐकणार गं?” दिवसभर बाकावर बसायचं. बोर्डावर आपला नंबर ६८, दुपारपर्यंत ३० झालेले. त्यात कुणाची चूक नव्हती, माणसं तेवढी होती. कधी नंबर यायचाच, आणि समोरचे वकील उठून पुढची तारीख मागायचे. रात्री परत महालक्ष्मी. सकाळी कोल्हापूर, आणि धाकटी आंघोळ करून मशीनवर.

अशा १७ खेपा झाल्या. ११ वेळा काहीही न होता परत आलो. मुंबईत लावलेले आमचे वकील सांगायचे, तुम्ही यायची गरज नाही, मी आहे. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आपण नसताना आपल्याबद्दल काय बोललं गेलं, ह्या धास्तीने घरी झोप लागायची नाही. तिकीट परवडलं, म्हणून जायचो.

सगळ्यात जीव कशाने तुटला असेल तर भाषांतराने. इथे साक्ष मराठीत झाली होती, पत्रं मराठीत होती. वरच्या कोर्टासाठी ते सगळं इंग्रजीत करून द्यावं लागतं, दर पानाला पैसे. आमच्या बाजूच्या कागदांची ८० पानं भरली. धाकटीने उलटतपासात सांगितलं होतं, “त्यांनी भरलं ताट भिरकावलं आणि मी रात्री ते वेचत बसलो.” आमच्याकडे बायका ‘बसलो’, ‘आलो’ असंच बोलतात. भाषांतरात त्याचं झालं, ‘नवऱ्याने जेवण नाकारलं.’ मी पुन्हा भाषांतर करून घेतलं, पुन्हा पैसे दिले. त्याची पावती आहे. आपलंच रडणं दुसऱ्या भाषेत नेण्याची पावती.

आता कलम २४ बद्दल सांगायला हवं. सगळा खर्चाचा वाद खरा तिथे झाला, आणि माझं सगळं म्हणणंही तिथेच आहे.

विवाह कायद्याचं कलम २४ म्हणतं, की खटला चालू असताना ज्या जोडीदाराकडे स्वतःच्या निर्वाहापुरतं आणि कार्यवाहीच्या आवश्यक खर्चापुरतं स्वतंत्र उत्पन्न नाही, त्याला दुसऱ्याकडून ते मिळावं. बायकोलाच असं नाही, नवऱ्यालाही. आणि हे अपिलातही मागता येतं. २००१ च्या दुरुस्तीने पुढे जोडलंय, की असा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा. हे कलम शेवटी कोण जिंकेल ते बघत नाही. लढायला दोघांनाही सारखं उभं राहता यावं, एवढंच बघतं. मला वाटतं, आख्ख्या कायद्यात आमच्यासारख्यांच्या उपयोगाचं ह्याहून मोठं कलम नाही.

आम्ही २०१९ मध्ये तो अर्ज दिला, आणि त्यासाठीच मॅडमना पावत्या हव्या होत्या. त्याच्या बाजूने उत्तर आलं. त्यातलं एक वाक्य मला आजही जसंच्या तसं आठवतं, ‘अर्जदाराची थोरली बहीण ही बँकेतून निवृत्त झालेली असून तीच सर्व खर्च करीत आहे, सबब अर्जदारास खर्चाच्या रकमेची गरज नाही.’

थोरली बहीण म्हणजे मी. माझी ग्रॅच्युइटी, माझा प्रॉव्हिडंट फंड. मी बहिणीच्या मागे उभी राहिले, हाच तिच्याविरुद्धचा मुद्दा झाला होता. मी उभी राहिले नसते तर ती अपिलात हजरच झाली नसती आणि एकतर्फी हरली असती. उभी राहिले, तर म्हणे गरज नाही. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की आपण मदत करून हिचं नुकसान केलं. धाकटीने उत्तर वाचलं आणि कागद बाजूला ठेवून मला जेवायला वाढलं. कागदाबद्दल एक शब्द बोलली नाही.

दुसरा आक्षेप फीचा. मुंबईच्या वकिलांना आम्ही दिलेले ७५ हजार अवाजवी आहेत, एवढ्या खर्चाची गरज नव्हती, असं त्यांचं म्हणणं. अर्जदाराने मोफत विधी सेवा का घेतली नाही, हाही सवाल होता.

हा शेवटचा सवाल मात्र मला लागला, कारण तो खरा होता. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. उच्च न्यायालयातही मिळतो. १५१०० हा त्यांचा फोन नंबर. राज्य सरकारने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत बायकांची कोर्ट फीसुद्धा माफ केलीय. कोर्ट फीचं आम्हाला ठाऊक होतं. मोफत वकिलाचंही मॅडमनी पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. आम्हीच नको म्हटलं. ‘सरकारी वकील’ म्हणजे लक्ष देणार नाही, असं गल्लीतल्या चार जणांनी मनात भरवलेलं, आणि आईला ती मदत म्हणजे भीक वाटली. हा निर्णय चुकला. तिकडे चांगली, तळमळीची माणसं काम करतात हे मी पुढे स्वतः पाहिलं. साज त्या चुकीपायी अडकला होता, काही अंशी तरी.

अर्जाची सुनावणी लांबत गेली, आणि मधेच मुंबईच्या वकिलांशी आमचं बिनसलं. पहिले ७५ हजार ‘पूर्ण अपिलाचे’ म्हणून दिले होते, निदान आम्ही तसं समजलो होतो. लेखी काही नव्हतं. २०२० च्या सुरुवातीला त्यांनी सांगितलं, अंतिम सुनावणीची फी वेगळी, आणखी ६० हजार. आमच्याकडे नाहीत म्हटल्यावर म्हणाले, पुढेमागे एकरकमी पोटगीवर तडजोड झालीच तर त्यातले १० टक्के द्या. मला ते बँकेतल्या व्याजासारखं वाटलं, गैर काही वाटलं नाही. मॅडम मात्र खुर्चीतून उठल्याच. निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेच्या टक्क्यावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात-भरपाईच्या प्रकरणातली अशीच टक्क्याची फी बेकायदा ठरवली होती.

आम्ही वकील बदलायचं ठरवलं. तर ते म्हणाले, बाकी फी द्या, मग कागद न्या. सगळी पत्रं, भाषांतरं, नकला त्यांच्या कपाटात. तारीख आठ दिवसांवर. मॅडमनी सांगितलं, २००० सालीच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की थकलेल्या फीपोटी वकिलाला पक्षकाराचे कागद अडकवून ठेवता येत नाहीत. फी वसूल करायची तर वेगळा मार्ग आहे. कायदा पूर्ण आमच्या बाजूचा होता. पण तो लागू करून घ्यायला बार कौन्सिलकडे तक्रार, तिची चौकशी, म्हणजे आणखी एक वही. मी १५ हजार नेऊन दिले आणि गठ्ठा उचलून आणला. वहीत लिहिलं, ‘कागद परत आणण्यासाठी.’ ही नोंद मला सगळ्यात जास्त खुपते. बरोबर असूनही पैसे मोजावे लागले, कारण बरोबर ठरायला लागणारा वेळ आमच्याकडे नव्हता. ज्याच्याकडे वेळ विकत घ्यायला पैसा नाही, त्याला आपला हक्क असा अर्ध्या किमतीत सोडावा लागतो.

त्यानंतर लॉकडाऊन आला. वहीची ती पानं जवळजवळ कोरी आहेत. मॅडमनी स्वतः वकीलपत्र घातलं, आणि २०२१ च्या सुरुवातीला कलम २४ च्या अर्जाची सुनावणी व्हिडिओवर झाली. मॅडमच्या ऑफिसात, त्यांच्या लॅपटॉपपुढे त्या काळा कोट घालून, आणि कॅमेऱ्यात येणार नाही अशी मी भिंतीकडेला स्टुलावर. तोवर, नोव्हेंबर २०२० मध्ये, रजनेश विरुद्ध नेहा हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता. ते प्रकरणही महाराष्ट्रातलंच, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेलं. त्या निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता, देणी ह्यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र घालणं सक्तीचं केलं. त्याला ते घालावं लागलं. त्यात महिन्याचं उत्पन्न दाखवलं २२ हजार.

मॅडमनी आवाज न चढवता विचारलं, “ह्यांच्या बाजूने गेल्या चार तारखांना दोन-दोन वकील उभे राहिलेत. २२ हजार कमावणारा माणूस त्यांची फी कुठून देतो, एवढंच त्यांनी सांगावं. ते स्वतःच्या अपिलावर जेवढा खर्च करू शकतात, तेवढाच माझ्या पक्षकाराला त्या अपिलाला उत्तर द्यायला लागतो.” आणि बहिणीच्या मदतीबद्दल म्हणाल्या, कलमात शब्द ‘स्वतंत्र उत्पन्न’ असा आहे. आक्काची ग्रॅच्युइटी हे हिचं उत्पन्न कसं होईल? ते हिच्यावरचं कर्ज आहे.

मी स्टुलावर बसून रडले. माझ्या हिशेबातला तो आकडा कुठल्या बाजूला लिहायचा, हे पहिल्यांदा कुणीतरी बरोबर सांगितलं होतं.

आदेश झाला ५० हजारांचा, दोन हप्त्यांत. मागितले होते १ लाख ३४ हजार. पावत्या ४१ हजारांच्याच होत्या, म्हणजे कोर्टाने कागदाच्या थोडं पुढेच जाऊन दिलं. आणि एक चांगलं केलं, रक्कम भरल्याशिवाय अपील पुढे चालणार नाही असं सांगितलं. पहिला हप्ता भरला गेला. दुसरा दोन वर्षं आला नाही. त्याला दुसरं लग्न करायचं होतं, म्हणून शेवटी २०२३ मध्ये उरलेले २५ हजार आले, मग अपील ऐकलं गेलं आणि फेटाळलं गेलं. शेवटच्या ओळीत होतं, खर्चाबाबत आदेश नाही.

ह्या वेळी मी शेवटचं पान आधी बघितलं नाही. धाकटीनेच फोनवर वाचून दाखवलं, आणि म्हणाली, “मी दमलो गं आक्का. आता हिशेब नको.”

तिच्यापुरता तिचा हिशेब संपला होता. माझा संपला नाही. त्यानंतर मी मॅडमकडून जुने निकाल मागून वाचत गेले, मराठीत समजावून घेत गेले. २००५ सालच्या सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की खर्च म्हणजे झालेला वाजवी खर्च, जिंकणाऱ्या पक्षाने घालवलेला वेळ, प्रवास, राहणं, टायपिंग सगळं धरून. वाचताना वाटलं, अरे, ही तर माझी वहीच. त्यासाठी उच्च न्यायालयांनी नियम करावेत असंही सुचवलं होतं. पण २०११ साली दिल्लीच्या एका मालमत्तेच्या वादात तिथल्या उच्च न्यायालयाने ४५ लाखांहून जास्त खर्च बसवला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की असलेल्या नियमांपलीकडे जाता येत नाही. खोट्या, त्रास देण्यासाठी केलेल्या दाव्याबद्दल भरपाईचा खर्च देणारं कलम ३५अ आहे. त्याची कमाल मर्यादा ३ हजार रुपये, १९७६ पासून. आणि तेसुद्धा अपिलाला लागू नाही, कलमातच तसं लिहिलंय. ३ हजारांत आमच्या दोघींची मुंबईची एक खेपही नीट होत नव्हती.

मग २०१५ साली ३५ आणि ३५अ ही दोन्ही कलमं बदलली. खर्च ठरवताना पक्षकार कसा वागला, उगाच मुद्दे काढले का, तडजोडीचा रास्त प्रस्ताव धुडकावला का, हे सगळं बघावं, असा नवा, नीट विचार केलेला मजकूर आला. ३ हजारांची मर्यादाही गेली. पण हे सगळं व्यापारी न्यायालयांच्या कायद्याने, फक्त ठरावीक रकमेवरच्या व्यापारी वादांसाठी. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांना पुन्हा विचारलं, नक्की ना? नक्की. दोन कंपन्यांच्या भांडणात कोण किती छळवादी वागला ते मोजायची सोय झाली, आणि जिथे माणसं एकमेकांना छळायलाच कोर्टात जातात तिथे जुनीच फूटपट्टी राहिली. मला ह्याचा राग येतो, आणि तो अजून गेलेला नाही.

तरीही, व्यापाऱ्यांचा नियम जसाच्या तसा घरात आणावा असं मी म्हणणार नाही. हरणाऱ्याने सगळं द्यायचं ठरलं, तर मुलाचा ताबा गमावलेली एखादी आई अपिलाला घाबरेल. तिच्याकडे साजही नसेल. म्हणून माझा भर शेवटच्या ओळीवर नाही, सुरुवातीवर आहे. कलम २४ चे ते ६० दिवस खरेच ६० असावेत. अपील करणाऱ्या सबळ पक्षाने, अपील ऐकायच्या आधीच, दुसऱ्याच्या उत्तराचा खर्च भरावा. आणि त्यासाठी बाईकडे पावत्या मागाल, तर त्याच्याकडेही मागा, स्वतःच्या वकिलाला किती दिले त्याच्या. तारीख मागितल्याबद्दल खर्च बसवाल, तर तो त्या दिवशी गाडीने आलेल्या माणसाच्या हातात पडू दे. आमच्या प्रकरणात एकदा समोरच्यांना असा ५ हजारांचा खर्च बसला होता. तो विधी सेवेच्या निधीत गेला. चांगल्या कामाला गेला, त्याबद्दल तक्रार नाही. पण महालक्ष्मीची परतीची तिकिटं त्याही रात्री आमच्याच पैशाची होती.

१७ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं, दुसऱ्या दिवसापासून काम सुरू. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्हे. वकिलांनी आणि लोकांनी चाळीसहून जास्त वर्षं त्यासाठी मोर्चे काढले होते. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत बेंच बसतं. संस्थानाच्या काळात कोल्हापूरला स्वतःचं हायकोर्ट होतं. १९१९ साली शाहू महाराजांनी बायकांच्या छळाला आळा घालणारा कायदा केला, तेव्हा त्याची दाद मागायला बाईला आगगाडीत बसावं लागत नव्हतं. १९४९ ला संस्थान विलीन झालं आणि वरचं कोर्ट लांब गेलं. त्या दिवशी मी दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्यापाशी थोडी उभी राहिले, मग चालत भाऊसिंगजी रोडला आले. लोक इमारतीचे फोटो काढत होते. आमचं अपील दोन वर्षं आधीच संपलं होतं. आईही तोवर गेली होती, साज सुटायच्या आधी.

गेल्या महिन्यात गल्लीतली एक मुलगी घरी आली. तिच्या नवऱ्याने अपील केलंय, नोटीस घेऊन आली होती. तिला घेऊन रिक्षाने सीपीआरला गेले. वाटेत विधी सेवेचं सांगितलं, कलम २४ चं सांगितलं, वकिलाशी फी पूर्ण अपिलाची की टप्प्याटप्प्याची ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्यायला सांगितलं. उतरल्यावर तिने पर्समधून नोटा काढल्या. मी तिचा हात धरला.

“रोख देऊ नकोस. फोनवरून दे. आणि देताना कशाचे ते लिही.”

“रिक्षाचे पण, आक्का?”

“रिक्षाचे पण.”

तिने कोड स्कॅन केला, मग माझ्याकडे बघून विचारलं, “काय लिहू?”

“लिही, हायकोर्ट, जाणं.”